सूत्र पाठ असणे आणि सूत्र कळणे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे ती प्रथा गावोगाव गेली आणि तिने अनेक विद्वानांची भाषणे ऐकली. अशा व्यासपीठावरून गतिशास्त्राच्या समीकरणांविषयी बोलण्यास चालकांनी कामगार संघटनेच्या एका माणसाला उभे करावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्हांलाही वाटले. आमचे शाळेतले शिक्षण दहावीशी संपले. पुढचे जे काही झाले ते बाजार समितीच्या ओट्यावर, जिनिंगच्या फाटकाशी, कारखान्याच्या गव्हाणीजवळ, आणि रात्री घरातल्या मुलांची पाठ्यपुस्तके उसनी घेऊन. तेव्हा आज आम्ही शिकवण्यास उभे नाही. समीकरण पाठ असताना ते आपल्याला कळलेले नाही, हे एकदा चारचौघांत उघडे पडले. त्यानंतर ते कळून घेण्यासाठी काय करावे लागले, एवढीच हकीकत सांगणार आहोत.

गोष्ट २००३ सालची. एका आस्थापनेत आमचा एक सभासद मालमोटारीवर चालक होता. आस्थापनेचे नाव सांगण्याचे कारण नाही. गावाच्या हद्दीत त्याच्या गाडीसमोर अचानक बैलगाडी आली. त्याने ब्रेक दाबला, चाके जाम झाली, गाडी घासत गेली आणि बैलगाडीच्या साट्याला धक्का लागून थांबली. सुदैवाने माणूस वा जनावर दगावले नाही. परंतु बेदरकारपणे गाडी हाकल्याचा आरोप ठेवून खात्यांतर्गत चौकशी लागली, आणि शिक्षा ठरलेली होती ती बडतर्फीची.

आरोपाचा आधार असा होता. रस्त्यावर टायर घासल्याचा पट्टा १६ मीटर भरला. व्यवस्थापनाने तीच गाडी त्याच रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने चालवून करकचून ब्रेक लावून पाहिला, तेव्हा पट्टा ४ मीटर पडला. पट्टा चौपट, म्हणून वेग चौपट. म्हणजे गाडी ताशी ८० ने चालली होती. गावाच्या हद्दीत मर्यादा ४० ची. चालक शपथेवर सांगत होता की काटा चाळीसवर होता.

बचाव प्रतिनिधी म्हणून आम्ही उभे होतो. एका निवृत्त शिक्षकांनी आम्हांला आदल्या दिवशी एक सूत्र लिहून दिले होते: थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पट्टा चौपट असेल तर वेग चौपट नव्हे, दुप्पटच. म्हणजे चाळीस. आम्ही ते मोठ्या ऐटीत म्हणून दाखवले. चौकशी अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "हे कुठून आले?" आम्ही म्हणालो, "पुस्तकात आहे." ते म्हणाले, "पुस्तकात पुष्कळ असते. पुस्तकाने ही गाडी पाहिलेली नाही. शिवाय आम्ही चाचणी घेतली ती रिकाम्या गाडीची, आणि त्या दिवशी गाडी भरलेली होती. तुमच्या सूत्रात वजन कुठे आहे?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही पुढची तारीख मागून घेतली. आठ दिवसांची मिळाली.

बंधुभगिनींनो, त्या वेळी आम्हांला त्या अधिकाऱ्यांचा राग आला. आज येत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न हाच खरा विद्यार्थ्याचा प्रश्न होता, आणि तो आम्ही स्वतःला आधी विचारायला हवा होता. आपल्याकडे या प्रश्नाच्या उत्तराला जुना शब्द आहे: उपपत्ती. भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्यात त्यांनी म्हटल्याचा आशय असा की, उपपत्ती ठाऊक नसलेल्या गणकाला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या मनातलाही संशय फिटत नाही. दोन्ही गोष्टी आमच्या बाबतीत एकाच दुपारी खऱ्या ठरल्या. सभेत मान गेला, आणि घरी परतताना आमचाच सूत्रावरचा विश्वास डळमळला होता.

मग त्या आठ रात्री आम्ही काय केले? पुस्तकातली सिद्धता उतरवून काढली. पहिल्या ओळीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. अक्षरे इकडून तिकडे गेली आणि शेवटी उत्तर आले. प्रत्येक ओळ बरोबर होती आणि तरी काही कळले नव्हते. पुष्कळ विद्यार्थ्यांचे असेच होते. आगगाडीत झोपून गेलेल्या माणसाला मुक्काम लाभतो, वाट माहीत होत नाही. तिसऱ्या रात्री आम्ही अक्षरे बाजूला ठेवली आणि ठरवले की, जे समीकरण साध्या मराठी वाक्यात सांगता येणार नाही ते आपल्याला येत नाही असे समजायचे.

आता ते वाक्यांत सांगतो. कागद-पेन्सिल लागणार नाही. घासणारी गाडी थांबते तेव्हा तिचा वेग दर क्षणाला सारखाच कमी होत जातो, असे धरू. तर मग चाळीसवरून शून्यावर यायला, विसावरून शून्यावर यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ लागणार. हे झाले एक. दुसरे असे की, चाळीसवरून शून्यावर येताना गाडीचा सरासरी वेग वीस. विसावरून येताना सरासरी दहा. म्हणजे सरासरी वेगही दुप्पट. वेळ दुप्पट आणि सरासरी वेग दुप्पट, तर अंतर दोन दुणे चार. संपली उपपत्ती. वेगाचा वर्ग आला तो असा: वेग एकदा काळाच्या वाटेने शिरला आणि एकदा सरासरीच्या वाटेने.

कोणी विचारील, सरासरी निम्मीच कशावरून? इथे पुन्हा भास्कराचार्यांच्या दारी जावे लागते. 'लीलावती'त श्रेढीव्यवहार म्हणून प्रकरण आहे. सारख्या फरकाने वाढत जाणाऱ्या रकमांची बेरीज कशी करावी ते त्यात सांगितले आहे: पहिली आणि शेवटची रक्कम मिळवून निम्मी करा, ते मध्यधन, त्याला पदांच्या संख्येने गुणा, ते सर्वधन. याचे कारण उघड आहे. पहिली रक्कम सरासरीपेक्षा जितकी कमी तितकीच शेवटची जास्त. दुसरी आणि शेवटून दुसरी यांचेही तेच. जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात.

त्याच प्रकरणात एक उदाहरण आहे. एक राजा शत्रूच्या नगरावर निघाला. पहिल्या दिवशी तो दोन योजने चालला, मग रोज सारखी वाढ करीत गेला आणि ऐंशी योजनांवरचे नगर त्याने सात दिवसांत गाठले. तर रोजची वाढ किती? सूत्र न आठवता करून पाहू. सात दिवसांत ऐंशी, म्हणजे सरासरी ८० भागिले ७. ही सरासरी मधल्या, म्हणजे चौथ्या दिवसाची चाल होय. पहिल्या दिवसाची चाल २, म्हणजे १४ भागिले ७. फरक ६६ भागिले ७, आणि तो तीन दिवसांत पडला. म्हणून रोजची वाढ २२ भागिले ७. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचे हे उदाहरण म्हणजे सारख्या त्वरणाची गतीच आहे. फक्त ती क्षणाक्षणाने न वाढता दिवसादिवसाने वाढते. चाळिसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखावरून कळते की, भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला होता. आपल्या गावाहून ती जागा काही परदेशात नाही.

पुढचे पाऊल युरोपात पडले. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळा सोडला आणि काळ मोजायला पाण्याची धार धरली. पात्रात किती पाणी साठले ते तोलून वेळ ठरवला. १६३८ साली त्याचा ग्रंथ छापला गेला. त्यात दाखवले आहे की, पहिल्या क्षणात गोळा एक भाग जातो, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. बेरीज करीत जा: एक, चार, नऊ, सोळा. वर्गच वर्ग. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' त्यानंतर, १६८७ साली आला, आणि हा वेग बदलतो तो कोणत्या बलाने, याचा हिशेब त्याने घातला.

आता अधिकाऱ्यांचा दुसरा प्रश्न: वजन कुठे गेले? याचे उत्तर सूत्रात दिसत नाही, उपपत्तीतच दिसते. आणि म्हणूनच आम्हांला उपपत्तीचे महत्त्व पटले. गाडी भरलेली असली तर तिला थांबवायला जास्त बल हवे, हे खरे. पण जाम झालेल्या चाकांचे घर्षण हेच ते बल, आणि घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट ओझे, दुप्पट घर्षण. समीकरणाच्या डाव्या बाजूला वजन, उजव्या बाजूलाही वजन. दोन्हीकडून ते निघून जाते. शेवटच्या ओळीत वजन नाही याचा अर्थ त्याचा विचार झाला नाही असा नव्हे. विचार होऊन हिशेब चुकता झाला, असा आहे. मात्र चाके जाम झाली नसती, तर ब्रेक जेवढे बल देतो तेवढेच मिळाले असते, ओझ्याबरोबर ते वाढले नसते, आणि भरलेली गाडी खरोखरच लांब गेली असती. म्हणजे सूत्र कोठवर चालते आणि कोणत्या वेशीपाशी थांबते, हेही उपपत्तीच सांगते.

इथवर सर्व आमच्या सोयीचे होते. सातव्या रात्री गैरसोयीचे दिसले. पट्टा पडतो तो चाके जाम झाल्यापासून. ब्रेक दाबल्यापासून चाके जाम होईपर्यंत गाडीचा वेग थोडा तरी उतरलेला असतोच. तेव्हा १६ मीटरच्या पट्ट्यावरून सिद्ध होते ते एवढेच की, चाके जाम झाली त्या क्षणी वेग चाळीस होता. त्याआधी तो चाळिसाहून थोडा जास्त असला पाहिजे. ऐंशी खासच नव्हता. पण काटेकोर चाळीसही नव्हता.

आम्ही ती रात्र नीट झोपलो नाही. ही गोष्ट अधिकाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती, कदाचित येणारही नव्हती. एका बाजूला सभासदाची भाकरी, दुसऱ्या बाजूला आमच्याच हातांनी काढलेली उपपत्ती. संघटनेच्या माणसाने आपल्या माणसाविरुद्ध जाईल असे बोलू नये, हा आमच्यातला रिवाज आहे आणि तो बहुतेक वेळा योग्यही आहे. परंतु आम्ही विचार केला की, अर्धी उपपत्ती सांगणे म्हणजे पुन्हा पाठ केलेले सूत्र म्हणण्यासारखेच आहे. शिवाय पट्ट्याचा हिशेब पुरा मांडला तरच ऐंशीचा आकडा पुरा मोडतो.

दुसऱ्या तारखेला आम्ही टेबलावर कागद पसरून सगळे मांडले: सरासरी, काळ, चौपट, वजन दोन्हीकडून कसे गेले, आणि शेवटी, कोणी विचारण्याआधी, "वेग चाळिसाहून किंचित जास्त असणार" हेही. अधिकाऱ्यांनी तासभर उलटसुलट प्रश्न विचारले. निकाल असा लागला की बेदरकारपणाचा आरोप शाबीत नाही. मर्यादेचे किरकोळ उल्लंघन झाले. एका वर्षाची वेतनवाढ रोखावी. नोकरी राहिली. चालकाने मात्र आमच्याशी सहा महिने बोलणे टाकले. त्याचे म्हणणे, तुम्ही गप्प बसला असता तर वाढही राहिली असती. ते खरे असेल. आम्ही त्याला दोष देत नाही. वर्षाची वाढ म्हणजे काय हे आम्हांला कळते. पण पुन्हा तोच प्रसंग आला तर पुन्हा आम्ही तसेच करू.

त्यानंतर आमच्या रात्रीच्या अभ्यासवर्गात गतिशास्त्र शिरले. वर्ग कसला, सात-आठ माणसे. त्यांत दोन हमाल, एक फिटर, एक दोन शाळकरी पोरे. तिथे एका वयस्क हमालदादांनी आमची दुसरी परीक्षा घेतली. नववीच्या पुस्तकात कार्य आणि ऊर्जा असा धडा आहे. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेले विस्थापन. पोराने वाचून दाखवले की, डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणारा माणूस ओझ्यावर शून्य कार्य करतो. हमालदादा म्हणाले, "शून्य? मग आमची हमाली पण शून्य म्हणा की! हे पुस्तक आडत्यानं लिहिलंय का?"

सगळे हसले, आम्हीही. पण हसण्यावारी नेण्यासारखा तो प्रश्न नव्हता. व्याख्या समोर ठेवली आणि ती का केली गेली ते शोधू लागलो. ओझ्यावरचे बल वर, ओझे सरकले आडवे. बलाच्या दिशेने ते तसूभरही हलले नाही, म्हणून शून्य. खांबही तुळई पेलून धरतो, वर्षानुवर्षे, आणि त्याला भाकर लागत नाही. माणसाला लागते, कारण त्याचा स्नायू खांबासारखा स्थिर राहत नाही; तो आतल्या आत क्षणोक्षणी आखडत असतो, अन्न जाळत असतो, आणि त्याची उष्णता होऊन घाम निघतो. म्हणजे पुस्तकातले 'कार्य' वेगळे आणि आपले 'कष्ट' वेगळे. पहिले ओझ्याच्या बाजूने मोजतात, दुसरे माणसाच्या.

मजेची गोष्ट अशी की, ही कल्पना जन्मली तीच मजुरीच्या हिशेबातून. विजेच्या नियमासाठी प्रसिद्ध असलेला कूलाँब याने माणूस दिवसभरात ओझी वाहून किती काम करू शकतो, याचा अभ्यास केला होता. पुढे १८२९ साली कोरिओलिस या फ्रेंच अभियंत्याने यंत्रांच्या हिशेबाच्या पुस्तकात बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला जे नाव दिले, त्याचा फ्रेंच भाषेत साधा अर्थ 'श्रम' असा होतो. आपल्या मराठी परिभाषेत 'श्रम' न म्हणता 'कार्य' म्हटले आहे. आम्हांला वाटते, बरे झाले. श्रम शून्य म्हणण्याची पाळी तरी आली नाही.

मग हमालदादांसाठी आम्ही एक हिशेब मांडला. ५० किलोचे पोते दीड मीटर उंच गाडीत चढवले, तर पोत्यावर कार्य झाले सुमारे ७३५ ज्यूल. शंभर पोत्यांचे ७३,५०० ज्यूल. अन्नाच्या मापात हे किती? सुमारे साडेसतरा किलोकॅलरी; भाकरीचा एक लहानसा तुकडा! सूत्र बिनचूक आहे, आकडेही बिनचूक आहेत. आणि कोणी यावरून हमालीचा दर ठरवील तर तो मोठा अन्याय होईल. कारण शंभर पोती चढवणारा माणूस शंभर वेळा वाकतो, स्वतःचे शरीर उचलतो, आणि त्याने जाळलेल्या अन्नातला थोडाच भाग ओझ्यापर्यंत पोचतो. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला तो असल्या सूत्रावरून झाला नाही, माणसाकडे पाहून झाला. जे विचारले त्याचेच उत्तर सूत्र देते. कोणता प्रश्न विचारला होता, ते कळते उपपत्तीवरून.

विद्यार्थी इथे बसले आहेत, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो. समीकरण समोर आले की आधी त्यातले प्रत्येक अक्षर कशाचे आहे ते मोठ्याने म्हणा आणि दोन्ही बाजूंची मापे जुळतात का पाहा. एका बाजूला मीटर आणि दुसरीकडे सेकंद आले, तर कोठेतरी चूक झालीच. मग एखादी राशी शून्य करून पाहा, दुप्पट करून पाहा. उत्तर व्यवहाराशी जुळते का? मग पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर पहिल्यापासून मांडा. जिथे अडाल तिथेच तुमचे अज्ञान बसले आहे. तेवढेच पुस्तकात पाहा, पुन्हा मिटा. आणि शेवटी स्वतःला विचारा, मी काय काय गृहीत धरले?

एक उदाहरण देतो. गतिज ऊर्जेच्या सूत्रात वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचे निम्मे, असे येते. ते 'निम्मे' आम्हांला वर्षभर खुपत होते. एका रात्री कोऱ्या कागदावर मांडताना दिसले. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. थांबलेल्या गाडीला वेगात आणताना अंतर म्हणजे सरासरी वेग, अर्थात निम्मा वेग, गुणिले काळ. दोन्हींचा गुणाकार करा. त्वरण आणि काळ मिळून पुन्हा वेग होतो. दुसरा वेग आहेच. आणि ते निम्मे राहते. म्हणजे हे निम्मे तेच, लीलावतीतल्या मध्यधनाचे! जुना ओळखीचा माणूस परक्या गावात भेटावा तसा आनंद त्या वेळी झाला. पाठांतराने तो आम्हांला कधी झाला नव्हता.

पालकांना आणि शिक्षकांना एकच विनंती आहे. मुलाने सूत्र घडाघडा म्हटले की आपण त्याची पाठ थोपटतो. त्याऐवजी एकदा विचारा, "कुठून आले?" ते अडले तर रागावू नका, मोठी माणसेही अडतात, हे आमच्यावरून आपण पाहिलेच. आणि हे शाळेपुरते नाही. आपल्या तालुक्यात ऊस आहे. २००९ पासून उसाची एफआरपी साखर उताऱ्याशी जोडलेली आहे. दर आपल्या तोंडपाठ असतो, पण उतारा कसा मोजतात आणि तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात काय राहते, हे किती शेतकरी मांडून दाखवतील? कामगारांना महागाई भत्त्याचा आकडा पाठ असतो. निर्देशांकावरून तो कसा निघाला, हे संघटनेच्या पुढाऱ्यांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. आम्ही आमच्याच घरची गोष्ट सांगत आहोत.

तो चालक पुढे आमच्याशी बोलू लागला. निवृत्त होण्याआधी एक दिवस तो अभ्यासवर्गात आला, मागे बसला, आणि नव्या पोरांना एक जण थांबण्याचे अंतर समजावीत होता ते ऐकत राहिला. त्या पोराने सांगितले, वेग दुप्पट तर अंतर चौपट. चालकाने मागून विचारले, "का?" पोरगा गडबडला. मग त्यानेच उठून सांगितले: वेळ दुप्पट, सरासरी दुप्पट, दोन दुणे चार. आणि पुढे म्हणाला, "पण हे ब्रेक लागल्यापासूनचं हां. त्याच्या आधीचं वेगळं धरायचं."